मालदीवच्या भिक्खुसंघाचा शेवट : ताम्रपटांची साक्ष

अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर इस्लाम हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर पोहोचला, असे विधान इतिहासग्रंथांतून नेहमी आढळते. ते असत्य नाही. परंतु व्यापारी एखाद्या बंदरात येणे आणि त्या बंदराच्या समाजाने आपला धर्म सोडणे, या दोन घटनांमध्ये पुष्कळ अंतर असते. हे अंतर कसे कापले गेले, हे पाहण्यासाठी मालदीव बेटांइतके उद्बोधक उदाहरण बौद्ध विद्येच्या अभ्यासकाला क्वचितच मिळेल.

प्रथम हे ध्यानी घेतले पाहिजे की, धम्मही या बेटांवर समुद्रमार्गानेच आला होता. कान्हेरीच्या दानलेखांत सोपारा आणि कल्याण येथील व्यापाऱ्यांचे उल्लेख आहेत. व्यापार आणि संघ यांचे नाते आपल्याला अपरिचित नाही. मालदीवमधील थोड्डू बेटावरील स्तूपात बुद्धमूर्तीबरोबर रोमन प्रजासत्ताकाच्या काळातील, इ. स. पूर्व ९० मधील चांदीचे नाणे मिळाले. काशिधू बेटावर १९९६ ते १९९८ या काळात नॉर्वेच्या संशोधकांनी केलेल्या उत्खननात एक विस्तृत विहारसंकुल उघडकीस आले. तेथे साठ हजारांहून अधिक कवड्यांचा साठाही सापडला. कवडी हेच या बेटांचे धन. बंगालमध्ये ती नाणे म्हणून चालत असे. भाषेतही जुन्या खुणा टिकून आहेत. धिवेही भाषेत स्तूपाच्या ढिगाऱ्याला ‘उस्तुंबु’ म्हणतात, आणि मूर्तीसाठी ‘बुदु’ असा शब्द आहे. फारसीतील ‘बुत’ या शब्दाचे मूळही ‘बुद्ध’ हेच आहे, याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्ष वेधले होते, हे वाचकांना स्मरत असेल.

इ. स. ८५१ च्या एका अरबी प्रवासवृत्तात या बेटांचे आणि तेथील कवड्यांचे वर्णन येते. म्हणजे राजाने इस्लाम स्वीकारण्यापूर्वी किमान तीन शतके अरब नाविकांना ही बेटे चांगली माहीत होती. या दीर्घ काळात राज्य बौद्धच राहिले. परंपरेनुसार धर्मांतराचे वर्ष हिजरी ५४८, म्हणजे इ. स. ११५३. इब्न बतूता १३४३ मध्ये तेथे गेला व काझी म्हणून राहिला. त्याने ऐकलेली कथा अशी : दर महिन्याला समुद्रातून एक राक्षस येई व त्याला एक कुमारिका अर्पण करावी लागे, मगरिबहून आलेल्या अबुल बरकात याने तिच्या जागी बसून रात्रभर कुराणपठण केले, राक्षस पळाला आणि राजाने नवा धर्म पत्करला. स्थानिक तारीखग्रंथ मात्र हे श्रेय तब्रीझच्या एका सत्पुरुषाला देतो. दोन्ही वृत्तांतांत धर्मांतर शांततेने, एका राजाच्या इच्छेने झालेले दिसते.

हे बाराव्या शतकातच का घडले? पहिल्या राजराज चोळाने बारा हजार प्राचीन बेटे जिंकल्याचा दावा केला आहे. तो याच द्वीपसमूहास उद्देशून असावा असे मानतात. चोळांच्या आधिपत्याने सिंहलद्वीपातील संघही इतका क्षीण झाला की, पहिल्या विजयबाहूला उपसंपदेसाठी ब्रह्मदेशाहून भिक्खू आणावे लागले. मालदीवच्या छोट्या संघाला आधार देणारा शेजारीच असा विकल झाला होता. शिवाय या बेटांना शेतीचा भक्कम पाया नव्हता. तांदूळ समुद्रावरून यायचा, कवड्या आणि काथ्या समुद्रावरून जायच्या. ज्यांच्या हाती सागरी मार्ग, त्यांच्याशी धर्मबंधुत्व जोडणे राजाला लाभाचे वाटले असावे, असे अनुमान करता येते.

कोकणात याच अरबांचे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. इ. स. ९१६ मध्ये अल् मसूदी चौलला आला, तेव्हा त्याला तेथे सुमारे दहा हजार मुसलमान आढळले. त्यांचा स्वतःचा प्रमुख होता. राज्य शिलाहार झंझाचे होते. इ. स. ९२६ च्या चिंचणी ताम्रपटात तर राष्ट्रकूटांच्या वतीने संजाणचा कारभार पाहणारा मधुमती, म्हणजे मुहंमद, नावाचा ताजिक अधिकारी दिसतो. येथे राजाला धर्म बदलण्याची गरज पडली नाही. त्याचा महसूल पाठीमागच्या मुलखातून येत होता.

राजाच्या निर्णयाने मालदीवमधील प्रश्न संपला, असे मात्र नव्हे. इस्धू येथील ताम्रपट इ. स. ११९४-९५ मधील आहेत. गदन आदित्य राजाने ते मशिदीच्या दानासाठी कोरविले. पूर्वीच्या राजांचे देवस्थान पाडल्याचे व मूर्ती उखडल्याचे त्यांत नमूद आहे; दक्षिणेकडील हद्धुन्मती बेटसमूहातील भिक्खूंना राजधानी माले येथे आणून त्यांचा शिरच्छेद केल्याचेही त्यांत सांगितले आहे. परंपरागत धर्मांतरानंतर सुमारे चाळीस वर्षांनीही दूरच्या बेटांवर चीवरधारी भिक्खू राहत होते, हे यावरून सिद्ध होते. ही नोंद विजेत्यांची आहे, शत्रूने रचलेला आरोप नव्हे. म्हणून तिचे प्रामाण्य अधिक. राक्षसाच्या कथेत या भिक्खूंना स्थान मिळालेले नाही. दोष येथे राजसत्तेचा आहे. तो चौलच्या व्यापाऱ्यांवर किंवा आजच्या मालदीववासीयांवर लादणे इतिहासाला धरून होणार नाही.

विशेष असे की, ही आज्ञा ज्या ‘एवेला’ लिपीत कोरली गेली, ती ब्राह्मीच्याच कुळातील आहे, आणि ती देणाऱ्या राजाचे नाव ‘आदित्य’ असे संस्कृत आहे. धर्म बदलला तरी लिपी आणि नामपद्धती एका पिढीत बदलत नाही.

७ फेब्रुवारी २०१२ रोजी माले येथील राष्ट्रीय संग्रहालयात शिरलेल्या जमावाने इस्लामपूर्व काळातील बहुतेक मूर्ती फोडल्या. प्रवाळशिल्पांचा तो संग्रह लहान होता आणि त्याला पर्याय नव्हता. इस्धू बेटावर मात्र ज्या मशिदीशी ते ताम्रपट निगडित आहेत, तिची जुनी वास्तू आहे, आणि त्याच बेटाच्या किनाऱ्याजवळ, झाडोऱ्याने वेढलेला, स्तूपाचा प्रचंड ढिगाराही आहे.