बंदुकीची साक्ष

जुन्या छायाचित्रातला माणूस ओळखायचा झाला की आपली नजर आधी त्याच्या चेहऱ्याकडे जाते. इतिहासाच्या कामात हा क्रम उलटा करावा, असे आम्हांला वाटते. चेहऱ्याबद्दल दहा जणांची दहा मते पडतात. हातातली वस्तू मात्र कुठल्या तरी कारखान्यात, कुठल्या तरी वर्षी घडलेली असते. अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरचे एक छायाचित्र याचा उत्तम दाखला आहे.

हे छायाचित्र बिली द किडचे. त्याचे मूळ नाव हेन्री मॅकार्टी. न्यू मेक्सिकोतल्या लिंकन परगण्यात १८७८ साली दोन व्यापारी गटांत रक्तपात झाला, त्यात तो एका बाजूने लढला. पुढे तुरुंगातून पळताना त्याने दोन पहारेकऱ्यांना ठार केले. १४ जुलै १८८१ रोजी फोर्ट समनर येथे शेरीफ पॅट गॅरेटने त्याला गोळी घातली. तेव्हा त्याचे वय जेमतेम एकवीस होते. पुढच्याच वर्षी, १८८२ साली, बिलीचे चरित्र प्रसिद्ध झाले आणि त्यावर लेखक म्हणून नाव होते त्याच पॅट गॅरेटचे! मारणाऱ्यानेच मेलेल्याचा इतिहास लिहावा, हे जगाच्या इतिहासात नवे नाही. म्हणूनच जे पुरावे त्या लेखणीतून आलेले नाहीत, ते नीट वाचणे आपले कर्तव्य ठरते. हे छायाचित्र त्यांपैकीच एक.

१८८०च्या सुमारास फोर्ट समनर येथे ते काढले गेले. चुरगळलेली टोपी, अंगावर ढगळ कपडे, कमरेला पिस्तूल आणि शेजारी जमिनीवर दस्ता टेकवून नळीला धरलेली बंदूक. पिस्तूल डाव्या कमरेला दिसते. तेवढ्यावरून बिली डावखुरा होता असे लोकांनी ठरवून टाकले. पुस्तकांतून ते छापले गेले. १९५८ साली पॉल न्यूमनचा चित्रपट आला, त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थच मुळी ‘डावखुरी बंदूक’ असा आहे.

या समजाला उत्तर त्या शेजारच्या बंदुकीनेच दिले. ती विंचेस्टर कंपनीची १८७३ सालची कार्बाइन आहे, म्हणजे घोडेस्वाराला सोयीची आखूड नळीची बंदूक. या जातीच्या बंदुकीत नळीखाली दुसरी एक नळी असते, तिच्यात काडतुसे एकामागे एक बसतात. चापाभोवतीची कडी खाली ओढून वर केली की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे आत येते. काडतुसे भरण्यासाठी चापाच्या वरच्या पोलादी पेटीला एक लहान झडप असते. ही झडप विंचेस्टरने नेहमी उजव्या बाजूलाच बसवली. कार्बाइनच्या डाव्या बाजूला झडप नसते, तिथे खोगिराला अडकवण्याची कडी असते.

आता छायाचित्रात पाहावे, तर झडप दिसते डाव्या बाजूला. अशी बंदूक विंचेस्टरने बनवलीच नव्हती. तेव्हा बंदूक उलटी नाही, चित्र उलटे आहे, एवढाच निष्कर्ष उरतो. त्याचे कारणही साधे आहे. हे चित्र टिनटाइप पद्धतीचे. काळ्या लेपाच्या पातळ लोखंडी पत्र्यावर कॅमेऱ्यातच थेट प्रतिमा उमटते. निगेटिव्ह नसते, त्यामुळे उजवे-डावे पुन्हा सरळ करण्याची संधीच मिळत नाही. आरशात पाहिल्यासारखे सगळे उलटून येते. चित्र फिरवले की झडप जागेवर जाते आणि पिस्तूल उजव्या कमरेला येते. कित्येक वर्षे छापला गेलेला डावखुरेपणा असा एका झडपेपुढे टिकला नाही.

बंदुकीची साक्ष कालनिर्णयालाही उपयोगी पडते. १८७३चे प्रारूप हातात असेल, तर छायाचित्र त्याआधीचे असू शकत नाही. मात्र ते फार नंतरचे असू शकते, कारण अशा सात लाखांहून अधिक बंदुका तयार झाल्या आणि त्या पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहिल्या. उलट, बिलीचे म्हणून दाखवलेल्या चित्रात विंचेस्टरचे १८९२ किंवा १८९४चे प्रारूप निघाले, तर चेहरा कितीही जुळो, वाद तिथेच संपतो. ही तपासणी केवळ हौसेची नाही. बिलीचे हे अस्सल छायाचित्र २०११ साली डेन्व्हरच्या लिलावात तेवीस लाख डॉलरला विकले गेले. एवढा पैसा दिसला की नवनव्या ‘बिलीं’ना तोटा राहत नाही.

तरीही साक्षीदाराला त्याच्या आवाक्याबाहेरचे विचारू नये. ही बंदूक कोणत्या कंपनीची, कोणत्या प्रारूपाची आणि चित्र सुलटे की उलटे, एवढे ती सांगते. ती त्या तरुणाच्या मालकीची होती का, हे ती सांगत नाही. त्या काळी छायाचित्रकार गिऱ्हाइकाच्या हाती शोभेसाठी शस्त्र देत. तो माणूस कसा होता, हेही तिला ठाऊक नाही. त्यासाठी त्याला ओळखणाऱ्यांकडेच जावे लागते. ज्या घरात बिली मारला गेला, त्या मॅक्सवेल कुटुंबातील पॉलिटाने पुढे सांगितले, की हे छायाचित्र तिला कधीच आवडले नाही. त्यात तो रांगडा दिसतो, प्रत्यक्षात त्याचा चेहरा पोरसवदा आणि प्रसन्न होता. वॉल्टर नोबल बर्न्सच्या १९२६ सालच्या पुस्तकात तिचे हे म्हणणे आले आहे.

शेरीफचे पुस्तक, शेजारणीची आठवण आणि लोखंडी पत्र्यावरची बंदूक, अशा तीन साक्षी आपल्यापुढे आहेत. पहिलीत स्वार्थ आहे, दुसरीत जिव्हाळा आहे, तिसरीत दोन्ही नाहीत. म्हणून सुरुवात तिसरीपासून करावी. पण निकाल तिघींचे ऐकूनच द्यावा.