सावकाराची वही ते सिबिल : आपली पत लिहितं कोण?

आपल्याकडच्या जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायची जुनी रीत आहे. घोडेगावचा बाजार तर नामांकित. तिथे बैलजोडी घेताना थोडे पैसे कमी पडले, तर दलाल ओळखीचा असला की काम होतं. यालाच आपण पत म्हणतो. पण तोच माणूस नगरला शोरूममध्ये कार घ्यायला गेला की ओळख चालत नाही. तिथे विचारतात, सिबिल किती? ३०० ते ९०० मधला एक आकडा.

हा आकडा नवा आहे, पण पत दुसऱ्याने लिहून ठेवायची गोष्ट आपल्या जिल्ह्यात जुनीच. आणि त्या लिखाणावरून इथे आग लागलेली आहे. अक्षरशः.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे गाव, बाजाराचा दिवस. शेतकरी सावकारांच्या घरा-दुकानांवर चालून गेले आणि वह्या, कर्जरोखे जाळले. पुढच्या काही दिवसांत हे लोण नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदा, कर्जतकडे पोचलं. कारण काय? अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं, कापसाचे चढलेले भाव कोसळले, त्यात सरकारने शेतसारा वाढवला. कर्ज फिटेना. इंग्रजांनी याला दंगा म्हटलं. मला तो शब्द अपुरा वाटतो. कारण सावकाराने कागद मुकाट दिले तिथे सहसा मारहाण झाली नाही. लोकांना हवे होते ते कागद. अंगठा यांचा, अक्षर त्याचं, आणि आत काय लिहिलंय ते यांना वाचता येत नव्हतं. किती भरले, किती राहिले, सगळं सावकार सांगेल तेच.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि आपलं नगर, असे चार जिल्हे. शेतकऱ्याला कर्जासाठी तुरुंगात टाकणं बंद झालं, हे तर झालंच. पण मला त्यातली बारीक कलमं जास्त आवडतात: पैसे भरले की लेखी पावती, वर्षाचा हिशोब, मागितलं तर पासबुक! म्हणजे आपलं खातं आपल्याला बघायचा हक्क.

मध्ये सहकारी सोसायट्या आल्या, पतसंस्था आल्या. तो वेगळा एपिसोड होईल. सिबिल कंपनी २००० साली निघाली आणि २००५ मध्ये त्यासाठी कायदा झाला. आता देशात अशा चार कंपन्या आहेत, आणि प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही, ही भीती काढून टाका. उलट एकाच आठवड्यात पाच ठिकाणी लोनचे अर्ज टाकले तर फटका बसू शकतो. कर्ज कधी घेतलंच नसेल तर स्कोअरच नसतो. रोखीने व्यवहार करणाऱ्या घरातल्या पोरांची हीच अडचण होते.

रिपोर्टमध्ये चूक दिसली तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तेव्हा गाडीचं टोकन द्यायच्या आधी रिपोर्ट उघडा आणि नावं, रकमा ओळीने वाचा. मित्राच्या ट्रॅक्टरला जामीन राहिला असाल, तर त्याचे थकलेले हप्तेही तिथे तुमच्या नावापुढे दिसू शकतात.