हार्डविक हॉल
इंग्लंडमधील डर्बीशर परगण्यातील, एलिझाबेथकालीन वास्तुकलेचा उत्कृष्ट नमुना मानला जाणारा ग्रामीण प्रासाद. श्रूझबरीची काउंटेस एलिझाबेथ टॅलबट, म्हणजेच इतिहासाला ‘बेस ऑफ हार्डविक’ या नावाने परिचित असलेल्या धनाढ्य स्त्रीने तो १५९० ते १५९७ या काळात बांधून घेतला. त्याचा आराखडा सामान्यतः रॉबर्ट स्मिथसन याचा मानतात. लाँगलीट आणि वुलटन हॉल या वास्तूंशीही स्मिथसनचे नाव निगडित आहे.

प्रासादाची वाळूदगडी बांधणी समतोल असून सहा मनोरे छतापेक्षा उंच जातात आणि त्यांच्या माथ्यावरील कठड्यांत बेसची ‘ई’ व ‘एस’ (एलिझाबेथ, श्रूझबरी) ही आद्याक्षरे दगडातच कोरून उभी केलेली आहेत. काच अतिशय महाग असलेल्या त्या काळात दर्शनी भागाचा बहुतांश पृष्ठभाग शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या लहान तावदानांच्या खिडक्यांनी व्यापला, हे संपत्तीचे उघड प्रदर्शन होते. बरीचशी धुराडी आतल्या भिंतींत घेतल्यामुळे बाहेरच्या भिंती खिडक्यांसाठी मोकळ्या राहिल्या. तरीही बाह्य समतोल राखण्यासाठी काही ठिकाणी भिंतीपुढे नुसत्याच काचा लावून खोट्या खिडक्या केल्या आहेत.

या वास्तूचे खरे वैशिष्ट्य तिच्या उभ्या रचनेत आहे. तळमजल्यावर नोकरवर्ग व रोजचे व्यवहार, मधल्या मजल्यावर कुटुंबाचे खासगी वास्तव्य आणि सर्वांत वर समारंभाची दालने अशी मांडणी असून, मजल्याचा मान वाढतो तशी खिडक्यांची उंचीही वाढते. त्यामुळे घरातील प्रतिष्ठेची उतरंड बाहेरूनच वाचता येते. मध्ययुगीन घरांत मुख्य सभागृह दर्शनी भागाला समांतर असे व त्यात एका टोकाकडून प्रवेश होई. येथे मात्र ते मधोमध, दर्शनी भागाशी काटकोनात आहे. घराच्या अंतर्भागातून वळत जाणारा दगडी जिना पाहुण्याला भव्य सभादालनापर्यंत नेतो. तेथे भिंतीच्या वरच्या भागात गिलाव्यात उठावाने घडवून रंगवलेला रुंद शिल्पपट्ट असून, त्यातील अरण्यात मृगयेची देवता डायना विराजमान आहे. हा कुमारी राणी पहिल्या एलिझाबेथचा गौरव समजला जातो, परंतु राणी येथे कधीच आली नाही.

सुमारे ५० मी. लांबीच्या दीर्घ सज्जात, म्हणजे फेरफटका व चित्रे यांसाठीच्या अरुंद लांब दालनात, बायबलमधील गिडियनची कथा विणलेले १३ भित्तिपट आहेत. सर क्रिस्टोफर हॅटन यांच्या कुटुंबाकडून ते विकत घेतल्यावर बेसने त्यांवरील हॅटन कुलचिन्हे आपल्या चिन्हांनी झाकली आणि तेथील हरिणीला शिंगे जोडून तिचे आपल्या कुलचिन्हातील नर हरीण केले.

पुढे बेसच्या वंशजांचे, म्हणजे कॅव्हेंडिश घराण्याचे, मुख्य निवासस्थान चॅट्सवर्थ झाल्याने हार्डविकमध्ये फारसे फेरबदल झाले नाहीत. १९५९ पासून ते नॅशनल ट्रस्टकडे आहे. ज्या प्रकाशासाठी ही वास्तू ख्यातनाम झाली, तोच तेथील जुन्या विणकामाचे रंग फिके करत असल्याने खिडक्यांवर पडदे ओढून तो मर्यादित ठेवावा लागतो.