बोट आधी गेले, कायदा नंतर वाचला



आपल्या शहापूर तालुक्यातले सरळांबे सगळ्यांना माहीत झाले ते ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीमुळे. समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर चढवणारे अवाढव्य यंत्र कोसळले आणि २० माणसे गेली. बहुतेक परप्रांतातून पोटासाठी आलेली.

यंत्राखाली कामगार जातो ही गोष्ट जुनी, आणि त्यावरचा कायदाही जुनाच. १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला. धोक्याच्या यंत्राला कठडा घाला, हे त्यात तेव्हाच लिहिलेले होते. पण १०० हून कमी कामगार असले की मालक मोकळा!

महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांचा अर्ज कमिशनपुढे नेला. रविवारची सुट्टी त्यांनी मागितली हे आपल्या पोरांना शाळेत कळते. पण त्याच अर्जात आणखी एक मागणी होती : कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या, आणि कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटाची सोय करा. नुकसानभरपाईचा कायदा आला १९२३ ला. म्हणजे ३९ वर्षांनी. तोवर किती हात गेले असतील, कोण मोजणार?

पुढे १९४२ ते १९४६ प. पू. बाबासाहेब मजूरमंत्री होते. १९४३ साली ते धनबादच्या कोळसा खाणी पाहायला गेले, मजूर कसा राबतो ते डोळ्यांनी पाहिले. कारखान्यातला आठवडा ४८ तासांवर आला तो १९४६ च्या दुरुस्तीने. थकलेल्या माणसाचाच हात मशीनमध्ये जातो, हे रात्रपाळी केलेल्याला सांगायला नको. नंतरच्या १९४८ च्या कायद्यात फिरत्या भागांवर झाकण सक्तीचे झाले.

आमच्या खात्यात मात्र ते झाकण काढून भिंतीला टेकवलेले असायचे. साफसफाई लवकर उरकते ना! चालू मशीनचा कापूस काढताना माझे करंगळीशेजारचे बोट गेले. रजिस्टरात लिहिले, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. मी सहीसुद्धा केली. कायद्याचे पुस्तक हातात आले त्यानंतर दोन वर्षांनी.

आता आपली पोरे मुरबाडच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे जातात. रविवारी वंदना झाली की मी त्यांना विचारतो, मस्टरवर नाव आहे का? झाकण जागेवर आहे का? ईएसआयचे कार्ड दाखव बघू. गेल्या खेपेला चौघांत एकाकडेच कार्ड निघाले.