गेरूने काढलेलं प्रेम

झाडाखाली बसलेलं जोडपं, तो कानाशी काहीतरी पुटपुटतोय, तिने मान जरा वळवलीय. अठराव्या शतकातल्या फ्रान्समधली अशी चित्रं म्हटली की पहिलं नाव येतं आंत्वान वातोचं (१६८४–१७२१).

वातोची बरीच रेखाटनं लाल खडूची आहेत. हा खडू म्हणजे हेमाटाइट, अर्थात लोहाचं ऑक्साइड, आणि चिकणमाती. आपण तुळशीवृंदावनाला लावतो तो गेरूच म्हणा ना! हे ऑक्साइड उजेडाने विटत नाही. म्हणूनच तीनशे वर्षांनंतरही त्या गालांवरची लाली टिकून आहे.

पण ही जोडपी खरंच बागेत बसली होती का? बहुतेक वेळा नाही. वातोचा मित्र काँत द केलूसने १७४८ साली त्याचं चरित्र वाचून दाखवलं. त्यात तो सांगतो की, वातोकडे नाटकातले कपडे होते. ते लोकांना घालायला देऊन तो त्यांना रेखाटायचा आणि ही रेखाटनं वहीत जपून ठेवायचा. पुढे चित्र रंगवताना त्याच वहीतून आकृत्या उचलायचा. म्हणजे एका पानावरचा तो आणि दुसऱ्या पानावरची ती कॅनव्हासवरच पहिल्यांदा भेटू शकत!

त्यामुळे 'त्या काळी लोक असं प्रेम करायचे' याला अशी चित्रं पुरावा धरता येत नाहीत. लोकांना कसलं प्रेम पाहायला आवडायचं, हे मात्र त्यातून नक्की कळतं. आणि ती वळलेली मान? ती कुणाची तरी खरीच होती.