नैराश्य : शारीरिक तक्रारींवरून ओळख

नैराश्य हा मनःस्थितीचा विकार आहे. सतत खिन्न वाटणे किंवा कशातच गोडी न राहणे, यांपैकी किमान एक लक्षण लागते. झोप, भूक, थकवा, एकाग्रता, हालचालींतील मंदपणा वा अस्वस्थता, अपराधीपणा आणि मरणाचे विचार धरून एकूण पाच लक्षणे सलग दोन आठवडे जवळजवळ रोज राहिली व रोजचे व्यवहार अडू लागले, की निदान होते. दवाखान्यात आलेला रुग्ण मात्र खिन्नतेबद्दल सहसा बोलत नाही. अंग दुखते, डोके जड राहते, छातीत धडधडते, पहाटे फार लवकर जाग येते, असे तो सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने १४ देशांतील १५ केंद्रांत पाहणी केली. त्यांत बंगळूरही होते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या विश्लेषणानुसार नैराश्याच्या ६९ टक्के रुग्णांनी येण्याचे कारण म्हणून केवळ शारीरिक तक्रारीच सांगितल्या होत्या. पण थेट विचारल्यावरही मानसिक लक्षणे नाकारणारे फक्त ११ टक्के निघाले. म्हणजे लक्षणे लपलेली नसतात, विचारलेली नसतात. हा पौर्वात्य संस्कृतीचा संकोच आहे, हे स्पष्टीकरणही तोकडे पडते. कारण जिथे रुग्णाचे नेहमीचे डॉक्टर नव्हते, त्या केंद्रांत केवळ शारीरिक तक्रारी सांगण्याचे प्रमाण अधिक होते.

अशाने प्रत्येक अंगदुखी मनाच्या खाती टाकली जाईल, ही शंका रास्त आहे. रक्तक्षय, थायरॉइडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव यांतही थकवा येतो, म्हणून तपासण्या टाळू नयेत. मात्र अहवालात दोष सापडला म्हणून मनाची चौकशी थांबवणे तितकेच चूक, कारण दोन्ही आजार एकत्र असू शकतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : कर्ज, नापिकी, घरातील मृत्यू असताना माणूस खचणारच, त्याला आजार का म्हणावे? कारण समजले म्हणून लक्षणे ओसरत नाहीत, आणि कारण उघड असलेले नैराश्यही उपचारांना प्रतिसाद देते. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांच्या मदतीने झालेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मानस’ चाचणीत रुग्ण बरे होण्याचे प्रमाण वाढले. मरणाच्या विचारांबद्दल विचारल्याने ते रुजतात, ही भीती निराधार आहे; त्यांबद्दल स्पष्ट शब्दांत विचारावे. होकार आला तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, कीटकनाशके व औषधे हाताशी ठेवू नयेत आणि तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर मराठीतही बोलता येते.