मुक्तस्रोत आज्ञावलींमधील उसनवारी

ज्या संगणकीय आज्ञावलीचा मूळ पाठ, म्हणजे सोर्स कोड, कोणासही वाचता, बदलता व पुन्हा वाटता येतो, तिला मुक्तस्रोत आज्ञावली म्हणतात. अशा प्रकल्पांचा इतिहास बऱ्याच अंशी एकाने दुसऱ्यापासून काय घेतले, याचाच इतिहास होय. घेणे दोन प्रकारचे असते : कल्पना व रचना घेणे आणि प्रत्यक्ष पाठ उतरून घेणे. प्रताधिकार पाठावर असतो, कल्पनेवर नसतो. हा भेद कागदावर स्पष्ट असला, तरी व्यवहारात तो किती वादग्रस्त ठरला, हे यूनिक्स व तिच्यापासून स्फूर्ती घेतलेल्या कार्यप्रणालींच्या वाटचालीवरून दिसते.

केनेथ टॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत यूनिक्सचा आरंभ केला. फायलींची श्रेणीबद्ध मांडणी व इतर काही कल्पना मल्टिक्स या आधीच्या अवजड प्रणालीतून आल्या होत्या. यूनिक्स हे नावही तिच्या नावावरील कोटीच आहे. १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीमुळे एटी अँड टी या मालक कंपनीस संगणक व्यवसायात उतरता येत नव्हते. त्यामुळे विद्यापीठांना यूनिक्स मूळ पाठासह अल्प शुल्कात मिळे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स यांनी तिच्या सहाव्या आवृत्तीवर विद्यार्थ्यांसाठी टीका लिहिली. पुढे सातव्या आवृत्तीच्या (१९७९) परवान्याने वर्गात मूळ पाठ शिकविण्यास मनाई केली. लायन्स यांच्या टीकेच्या छायाप्रती मात्र हातोहात फिरत राहिल्या. ती रीतसर प्रसिद्ध होण्यास १९९६ साल उजाडले.

या मनाईतूनच मिनिक्सचा जन्म झाला. ॲम्स्टरडॅम येथील प्राध्यापक अँड्र्यू टॅननबाउम यांनी यूनिक्ससारखीच वागणारी, पण तिची एकही ओळ नसलेली प्रणाली लिहून ती १९८७ मध्ये पाठ्यपुस्तकासह प्रसिद्ध केली. तिचा पाठ वाचता येत असे, परंतु पुनर्वितरणावर निर्बंध होते. शिवाय ती अध्यापनापुरती लहान राहावी, असा टॅननबाउम यांचा आग्रह होता.

हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लायनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये मिनिक्स चालणाऱ्या संगणकावरच लिनक्सचा गाभा लिहिला. फायलींची तबकडीवरील मांडणी त्यांनी मिनिक्सची घेतली, कारण दोन्ही प्रणालींना एकच तबकडी वाचता येणे सोयीचे होते. उसन्या मांडणीबरोबर तिच्या मर्यादाही आल्या : ६४ मेगाबाइटांची कमाल क्षमता आणि १४ अक्षरांची फाइलनामे. १९९२ मध्ये नव्या मांडणीने त्या दूर केल्या. गाभ्याच्या रचनेत मात्र टोरव्हाल्ड्स यांनी गुरूचा मार्ग सोडला. सूक्ष्मगाभ्याचा पुरस्कार करणाऱ्या टॅननबाउम यांनी जानेवारी १९९२ मध्ये लिनक्सची एकसंध रचना कालबाह्य ठरविली आणि त्यावरून दोघांत जाहीर वाद झाला. त्याच वर्षी लिनक्सने रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पाचा सार्वजनिक परवाना स्वीकारला. या परवान्यानुसार पाठ घेता येतो. मात्र सुधारलेली आज्ञावली वाटणाऱ्याला तिचा पाठही त्याच अटींवर खुला ठेवावा लागतो.

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अनुभव कटू होता. तेथील प्रणालीत यूनिक्सचा पाठ उरला आहे, असा दावा करून एटी अँड टीच्या उपकंपनीने १९९२ मध्ये खटला भरला. १९९४ मध्ये तडजोड झाली. सुमारे १८,००० फायलींपैकी अवघ्या तीन काढाव्या लागल्या, काहींत किरकोळ बदल झाले आणि सुमारे ७० फायलींवर कंपनीच्या प्रताधिकाराची नोंद आली. एवढ्यासाठी बर्कली परंपरेची दोन महत्त्वाची वर्षे संशयात गेली. त्याच काळात लिनक्सला मोकळे मैदान मिळाले. बर्कलीची प्रणाली आपल्या संगणकावर वेळीच उपलब्ध असती, तर लिनक्स बहुधा लिहिलेच नसते, असे टोरव्हाल्ड्स यांनी पुढे सांगितले.

लिनक्स हे मिनिक्सवरून उतरविले असावे, असा आरोप २००४ मध्ये अमेरिकेत झाला. तो सर्वांत ठामपणे खोडून काढला तो टॅननबाउम यांनीच. रचनेवरील त्यांचा आक्षेप तेव्हाही कायम होता. मिनिक्सवरील निर्बंध २००० मध्ये उठले होते. तिसरी आवृत्ती २००५ मध्ये निघाली आणि पुढील काळात तिच्यात बर्कली परंपरेतील नेटबीएसडीच्या उपयुक्त आज्ञावली घेण्यात आल्या. या वेळी केवळ कल्पना नव्हे, तर पाठही घेतला गेला आणि त्यास परवान्याची पूर्ण संमती होती.